कंसातला रायन: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

ऑस्ट्रेलियातून आलेली ईमेल नवऱ्याने माझ्याकडे सरकवली. "तुला या गोष्टींचा नाद आहे, तूच बघ." नाद आहे खरा. लग्नाआधी आईच्या माहेरची नावे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडली होती, पाच पिढ्या एका बैठकीत. तेव्हापासून जुनी वही दिसली की हात शिवशिवतात.

ईमेल व्हिक्टोरियातल्या एका निवृत्त शिक्षिकेची. माहेरचे आडनाव रायन. पणजोबा पॅट्रिक १८५४ साली आयर्लंडमधल्या टिपेररी परगण्यातून मेलबर्नला उतरले. आमचे, म्हणजे नवऱ्याकडचे, रायनही टिपेररीचे. नवऱ्याच्या आत्याने, वय ८८, गेल्या वर्षी नातवंडांच्या आग्रहाखातर डीएनए चाचणी केली होती, आणि त्या यादीत या बाई आत्याशी जुळतात. प्रश्न एका ओळीचा: आपण भाऊबंद आहोत का?

हाताशी असलेले: नवऱ्याचे खापरपणजोबा मायकेल रायन, शेतकरी, थर्ल्स शहराच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले. पॅरिशचे आणि वस्तीचे नाव या वहीत लिहिणार नाही. तिथे आजही घरची माणसे राहतात आणि कोण कोणाचे ते सगळ्यांना कळते.

स्वतःला घातलेला नियम: आडनाव सारखे आहे हा पुरावा धरायचा नाही. आडनाव सोडून दुसऱ्या दोन गोष्टी जुळल्या तरच वंशावळीत पक्की रेघ.

१९ जानेवारी

आधी आडनाव. रायन हे बहुतेक वेळा ओ म्वीलरिअन या गेलिक, म्हणजे इथल्या मूळ भाषेतल्या, नावाचे आखडलेले रूप. मुल्रायन असेही लिहीत. 'ओ' म्हणजे नातू, पुढे अर्थ झाला वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी अमलाखाली बऱ्याच घरांनी ओ आणि मॅक टाकून दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेचा अभिमान जागा झाल्यावर काहींनी परत लावले. रायनांनी मात्र फारसे लावले नाहीत.

आपल्याकडे सातारकर, पुणेकर म्हटले की गाव कळते. आयरिश आडनाव गाव सांगत नाही, पुरुष सांगते. मूळ पुरुष हजारेक वर्षांपूर्वीचा, कारण इथली वंशपरंपरागत आडनावे दहाव्या-अकराव्या शतकापासूनची, युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी. म्हणजे 'मी रायन' या वाक्यात कुळाचे नाव आहे, पण पत्ता नाही.

आणि एकच कुळ असेही नाही. ओ म्वीलरिअन हे टिपेररी आणि लिमरिकच्या सीमेवरच्या ओनी भागातले. कार्लो परगण्यात ओ रिअन नावाचे दुसरेच घराणे होते, तेही इंग्रजीत रायनच झाले. १८९० च्या जन्मनोंदींवरून महानिबंधक कार्यालयातल्या रॉबर्ट मॅथेसन यांनी आडनावांची मोजदाद केली. त्यात मर्फी पहिले, केली दुसरे, रायन आठवे. देशात आठवे, पण आमच्या डोंगरात कुणाशी स्पर्धाच नाही.

त्यातल्या त्यात नशीब हे, की रायन हे भाषांतर झालेले आडनाव नाही. गॅलवेतल्या मॅक कॉनरीचे 'किंग' झाले, कारण 'री' म्हणजे राजा. कॅव्हनमधल्या मॅक गाऊनचे 'स्मिथ' झाले, कारण गाऊ म्हणजे लोहार. तसल्या घरांचा शोध घेणाऱ्यांची मला दया येते.

२ फेब्रुवारी

१९०१ आणि १९११ ची जनगणना. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट खुल्या केल्या आहेत, घरोघरच्या मूळ फॉर्मच्या छायाचित्रांसह. मायकेल दोन्हीत सापडला. ३१ मार्च १९०१ ला वय ६०. २ एप्रिल १९११ ला वय ७४.

दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारा. टंकलेखनातली चूक समजून मूळ फॉर्म पुन्हा पाहिला, ७४ च आहे. मग उलगडा झाला: १९०८ चा वृद्ध पेन्शन कायदा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि अख्ख्या आयर्लंडच्या म्हाताऱ्यांचे वय एकदम वाढले. काही खोटे बोलले असतील, पण अनेकांना आपले वय मुळात ठाऊकच नव्हते. म्हणून जन्म १८३७ ते १८४१ मध्ये कधीतरी, असे धरून चालते.

१९०१ च्या मागे जायला जनगणना नाही. १८२१ ते १८५१ चे फॉर्म डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागारात होते, ते ३० जून १९२२ ला यादवी युद्धात जळाले. थोडेफार तुकडे वाचले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले. सगळा दोष १९२२ च्या आगीवर टाकण्याची इथे पद्धत आहे. अर्धा दोष कारकुनांचा.

बेरजा मात्र आधीच छापल्या गेल्या होत्या, म्हणून त्या उरल्या. टिपेररीची लोकसंख्या १८४१ मध्ये ४,३५,५५३ आणि बटाट्याच्या मोठ्या दुष्काळानंतर १८५१ मध्ये ३,३१,५६७. मधल्या लाखभरात किती रायन मेले आणि किती जहाजात बसले, हे त्या आकड्यातून काढता येत नाही.

९ फेब्रुवारी

मायकेलचे लग्न १८६६. कॅथलिकांची लग्ने सरकारदरबारी नोंदवायला १ जानेवारी १८६४ पासून सुरुवात झाली, थोडक्यात वाचलो. सरकारी नोंदीत दोन्हीकडच्या वडिलांची नावे असतात. मायकेलचे वडील: डेनिस रायन, शेतकरी.

ऑस्ट्रेलियाला कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर, उद्गारचिन्हांसह. पॅट्रिकच्या वडिलांचे नावही डेनिस!

२३ फेब्रुवारी

व्हिक्टोरियाचा मृत्यू दाखला स्कॅन होऊन आला. हे कागद पाहून इथल्या माणसाला हेवा वाटावा. १८५३ पासून तिथल्या दाखल्यावर आईवडिलांची नावे, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे, लग्न कुठे, मुले किती, सगळे विचारलेले आहे. आयरिश मृत्यू दाखल्यात त्या काळी आईबापांचा पत्ताच नसतो. घर सोडून गेलेल्याची माहिती परदेशात अधिक, हे गमतीचे आहे.

पॅट्रिक: वडील डेनिस रायन, शेतकरी. आई ऑनोरा ड्वायर. जन्मस्थान फक्त 'टिपेररी'. माहिती देणारा जावई. जावयाला सासऱ्याच्या आईचे माहेर कितपत ठाऊक असणार, म्हणून बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पण थडग्याचा फोटोही आला आहे आणि दगडावर पॅरिशचे नाव कोरलेले आहे. आमचीच पॅरिश.

म्हणजे आडनावाशिवाय दोन गोष्टी जुळल्या: पॅरिश आणि वडिलांचे नाव. माझ्याच नियमाने रेघ ओढायला हरकत नव्हती. रात्री साडेअकराला ओढली. पॅट्रिक आणि मायकेल सख्खे भाऊ.

१ मार्च

रेघ पुसली.

कारण ग्रिफिथचे मूल्यांकन. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशभरची जमीन आणि घरे करासाठी तपासली गेली. प्रत्येक टाउनलँडमध्ये कोण कसतो, कोणाकडून कसतो, किती जमीन, किती मूल्य. टाउनलँड म्हणजे इथली सगळ्यात लहान महसुली वस्ती, देशभरात साठ हजारांवर. जळालेल्या जनगणनेच्या जागी लोक हेच वापरतात, पण यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव. मराठीत कूळ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. ग्रिफिथला फक्त दुसऱ्या अर्थाचे कूळ हवे होते; आम्ही त्याच्याकडे पहिल्या अर्थाचे मागतो.

आमच्या पॅरिशमध्ये रायन मोजत गेले. पन्नाशी ओलांडल्यावर थांबले. एकाच टाउनलँडमध्ये तीन जॉन रायन. कर कोणाकडून घ्यायचा हे कळावे म्हणून नावापुढे कंस: जॉन रायन (बॉन), जॉन रायन (रो), जॉन रायन (पॅट). बॉन म्हणजे गोरा किंवा पिंगट केसांचा, गेलिकमधला 'बान'. रो म्हणजे तांबडा, 'रुआ'. तिसरा पॅटचा मुलगा, म्हणून बापाचे नाव. बापाचे नाव मध्ये लावण्यात आपल्याला नवल नाही. जॉन पॅट रायन असे सरळ वाचले तर सातबाऱ्यावरच्या खातेदारासारखा दिसतो.

केसांचा रंग बापावरून मुलाकडे, मुलावरून नातवाकडे गेला, केस काळे असले तरी. बॉन हे पोटआडनाव झाले. या भागात एकटे 'रायन' सांगून भागत नाही, अमुक रायन सांगावे लागते.

आणि डेनिस? दोन आहेत. डेनिस रायन (बॉन), आणि लागूनच्या टाउनलँडमध्ये डेनिस रायन (जॉन).

८ मार्च

माझी चूक निदान एका आठवड्यात सुधारली. वंशावळींच्या संकेतस्थळावरच्या तीन जाहीर वंशावळींत हाच पॅट्रिक आणि आमचा मायकेल भाऊ म्हणून चिकटवलेले आहेत, एकाने दुसऱ्याचे उतरवून. एकीत तर त्याच पॅट्रिकचे १८५८ साली टिपेररीत लग्नही लावले आहे, जेव्हा तो बापडा चार वर्षे मेलबर्नकडे होता. तिघांनाही नम्रपणे लिहिले. एकाचे उत्तर आले: "पण आडनाव तर तेच आहे ना?"

१५ आणि १६ मार्च

बाप्तिस्म्याच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) इंटरनेटवर मोफत टाकल्या, तेव्हापासून पाद्र्याची परवानगी काढत हिंडायला नको. अक्षर मात्र पाद्र्याचेच. शाई पसरलेली, कोपरे ओल खाल्लेले, आणि भाषा लॅटिन. डेनिस इथे डायोनिसियस. त्यातही हा डेनिस घरी कदाचित डोनखा असणार, कारण गेलिक डोनखाचे इंग्रजीत सर्रास डेनिस करत. तीन भाषांत तीन नावे आणि माणूस एक. उलट आपली अडचण: नाव एक आणि माणसे दोन.

एक गोष्ट मात्र सोन्यासारखी. बाप्तिस्म्यात आईचे माहेरचे आडनाव लिहितात. दोन दिवस बसून दोन्ही डेनिसांची मुले वेगळी काढली.

डेनिस रायन आणि ऑनोरा ड्वायर: सात मुले, १८२९ ते १८४५. त्यात पॅट्रिक, १८३१. जावई खरे बोलला होता.

डेनिस रायन आणि मार्गारेट रायन: सहा मुले, १८३४ ते १८४८. त्यात मायकेल, १८३८.

एकाच डेनिसच्या दोन बायका असू शकतील का, हेही पाहिले. पहिली वारल्यावर दुसरी केली, तर दोन्ही याद्या एकापाठोपाठ एक येतील. इथे त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १८३४ ते १८४५ ऑनोरा आणि मार्गारेट दोघींची मुले आलटून पालटून. म्हणून डेनिस दोन. पॅट्रिक आणि मायकेल भाऊ नाहीत. हे या प्रकल्पातले पहिले वाक्य जे मी शाईने लिहिते.

मार्गारेटचे माहेरही रायन, हे पाहून मात्र डोके टेकले.

३० मार्च

डीएनएचा आकडा. आत्या आणि ऑस्ट्रेलियाच्या बाई यांच्यात ३८ सेंटिमॉर्गन. हे जुळणाऱ्या डीएनएचे माप, आकडा मोठा तितके नाते साधारण जवळचे. पॅट्रिक आणि मायकेल भाऊ असते, तर या दोघी चौथ्या पिढीच्या बहिणी ठरल्या असत्या, इंग्रजीत थर्ड कझिन. त्या नात्यात सरासरी सत्तरच्या आसपास जुळते, पण ३८ हाही अगदी बसण्यासारखा आकडा. म्हणजे वह्या उघडल्या नसत्या तर डीएनएने माझ्या चुकीवर आनंदाने शिक्का मारला असता. आणि जिथे शतकानुशतके रायनांनी रायनांशीच सोयरिकी केल्या, तिथे हा आकडा कुठल्या वाटेने आला हे नुसत्या आकड्याला सांगता येत नाही.

नवऱ्याने विचारले, वाय गुणसूत्राची चाचणी करू का? ते बापाकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. यावर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा २००६ चा अभ्यास वाचला: ४३ आडनावांचे १,१२५ पुरुष. एकाच आडनावाच्या दोन पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळण्याची शक्यता सरासरी तीसपट जास्त निघाली. मर्फी आणि केली यांचे मूळ पुरुष अनेक. ओ'सलिव्हन आणि रायन यांचा मात्र एक मुख्य पूर्वज दिसतो. तरीही कुठल्याही आडनावाचे सुमारे निम्म्याहून जास्त लोक एका मूळ पुरुषाचे निघाले नाहीत; मध्ये दत्तक, आईचे आडनाव लावणे, आणि घरात बोलले न जाणारे बरेच काही.

हे वाचून आधी हर्ष झाला, मग निराशा. रायन या नावामागे खरोखर एक पुरुष असावा. पण तो कागदांच्या आठशे वर्षे पलीकडे उभा आहे. चाचणी जुळली तर कळणार एवढेच, की दोघेही त्याचे. आणि ते बऱ्याच रायनांबद्दल खरे आहे. आमचा प्रश्न १८०० च्या आसपासचा. साध्या चाचणीचे पैसे वाचवले. नवरा हिरमुसला, त्याला नळीत थुंकायची हौस होती.

१२ एप्रिल

थर्ल्स. 'द सोर्स' या ग्रंथालयातल्या टिपेररी स्टडीज विभागात दिवस घालवला. बाहेर पाऊस, आत आम्ही चार जण, चौघेही रायन शोधणारे. एक गृहस्थ अमेरिकेतून आलेले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारले, "तुम्हीसुद्धा?" म्हटले, लग्नाने.

टाइद अॅप्लॉटमेंट वह्या पाहिल्या, म्हणजे १८२३ ते १८३७ मध्ये प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडसाठी बसवलेल्या दशमांश कराच्या. कॅथलिकांनीही दुसऱ्यांच्या चर्चला धान्याचा हिस्सा द्यायचा, म्हणून या वहीवर तेव्हा लोकांचा राग. आज आमच्या उपयोगाची. दोन्ही टाउनलँडमध्ये एकेक जॉन रायन. दुसऱ्याकडे १२ एकर. ग्रिफिथमध्ये मात्र तिथे डेनिस (जॉन) कडे १९ एकर १ रूड. रूड म्हणजे पाव एकर, आपले दहा गुंठे.

अर्धा तास वाटत राहिले की जमीन वेगळी. मग टेबलावरच्या बाईंनी सांगितले, दशमांशाच्या वहीत आयरिश एकर असतो, इंग्रजी एकराच्या सुमारे १.६२ पट. १२ गुणिले १.६२ म्हणजे १९.४४. तीच शेते! जॉननंतर डेनिस, आणि कंसातला जॉन हाच बाप. कागदावर एक पिढी मागे गेलो.

परतताना आत्याकडे. चहा, सोडा ब्रेड, मग विषय काढला.

"बॉन? आम्ही बॉन नव्हे," आत्या म्हणाली. "बॉन ते ओढ्यापलीकडचे."

"मग तुम्ही कोण?"

"आम्ही जॉन डिनी." डिनी म्हणजे डेनिस. शाळेत हजेरीला मास्तर तिला तसेच पुकारायचे. आडनावाची गरजच नव्हती, वर्गात निम्म्या मुली रायन. आणि मी तीन महिने तिच्याच घराण्याचे पोटनाव सरकारी वहीत शोधत होते. आधी आत्याला विचारायला हवे होते. पुढच्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहायचे: आधी म्हातारी माणसे, मग वह्या.

बॉनांबद्दल विचारले. "नात्यातले होते म्हणत. कसे ते मला विचारू नकोस."

१० मे

डब्लिनला कामाला गेले होते, म्हणून मूल्यांकनाच्या रद्द वह्या पाहून घेतल्या. कचेरीचे नाव आता टाल्च एरन. २०२३ मध्ये मूल्यांकन, जमीननोंदणी आणि नकाशे एका छपराखाली आले. ग्रिफिथनंतर जमीन कोणाच्या नावे गेली ते या वह्यांत जुने नाव खोडून वर नवे लिहून दाखवलेले असते, दर तपासणीला वेगळ्या रंगाच्या शाईने. आपला फेरफारच, फक्त तलाठ्याच्या हातात रंगपेटी.

डेनिस (जॉन) खोडून मायकेल, लाल शाईत. मायकेल खोडून त्याचा मुलगा, निळ्या. तिथून आत्याच्या वडिलांपर्यंत सलग. आमची बाजू पक्की.

१ जून

आज पहाटे मिळाले.

लग्नांच्या वहीत १८६७ ची नोंद. वधू मायकेलची धाकटी बहीण, वर पॅट्रिकचा धाकटा भाऊ. सरकारी नोंदीशी ताडून पाहिले: वधूपिता डेनिस रायन, शेतकरी, वरपिता डेनिस रायन, शेतकरी. निबंधकाने लिहिताना मान वर करून पाहिले असेल. टाउनलँड वेगळे दिले आहेत म्हणून ओळख पटते.

पण खरी गोष्ट चर्चच्या वहीत, ओळीच्या टोकाला बारीक अक्षरात: तिसऱ्या अंशाच्या रक्तसंबंधात सूट.

कॅथलिक नियमाने तेव्हा चौथ्या अंशापर्यंत लग्नाला मनाई होती. १२१५ च्या लॅटरन परिषदेत सातावरून चारावर आणलेली ही मर्यादा पुढे १९१७ च्या संहितेपर्यंत टिकली. आपल्याकडे सपिंड नको म्हणतात, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्या मोजतात, हे त्यातलेच. पण बिशपकडून सूट मिळत असे, आणि सूट मिळवायची तर नाते सिद्ध करून दाखवावे लागे. जिथे कोणीही वंशावळ लिहून ठेवली नाही, तिथे पाद्र्याने तीन पिढ्यांची चौकशी करून एक शब्द लिहून ठेवला आहे.

तिसरा अंश म्हणजे वधूवरांचे पणजोबा-पणजी एक. म्हणजे त्यांच्या आईबापांपैकी कोणीतरी एकमेकांची सख्खी चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडे. आणि वधूचा भाऊ मायकेल, वराचा भाऊ पॅट्रिक. नाते त्यांचेही तेच.

ऑस्ट्रेलियाला लगेच लिहिणार होते. आधी चहा केला. एकदा साडेअकराच्या रेघेचा अनुभव घेतला आहे.

७ जून

चहाचा उपयोग झाला. प्रश्न शिल्लक आहे: नाते कोणत्या बाजूने?

एक, दोन्ही डेनिस एकमेकांचे चुलतभाऊ. सगळ्यांना हवे असलेले उत्तर, कारण मग आडनाव खरे ठरते. दोन, आमची मार्गारेट रायन ही मुळात बॉनांची मुलगी, डेनिस (बॉन) ची चुलतबहीण. मग नाते आहे, पण आमच्या आडनावातून आलेले नाही. सुनेच्या माहेरातून आलेले. तीन, ऑनोरा ड्वायरच्या बाजूने. ड्वायर हे तर या भागाचे जुने सरदार घराणे, त्यांचीही कमी नाही.

मार्गारेट आणि डेनिसच्या लग्नाची नोंद सापडली. कॅथलिक नोंदीत वधूवर आणि साक्षीदार, एवढेच, आईबाप नाहीत. साक्षीदार: पॅट्रिशियस रायन आणि जोआना रायन. पाहून मोठ्याने हसले. मुलगी धावत आली.

मुलांच्या बाप्तिस्म्यातले धर्मपिता-धर्ममाता मांडून पाहिले. पहिल्या दोन मुलांना एकेक बॉन, ओढ्यापलीकडच्या टाउनलँडचे. पहिल्या मुलीचे नाव आईच्या आईवरून ठेवायची रीत होती; पहिली मुलगी जोआना. बॉनांच्या घरी जोआना आहेत, पण जोआना कुठे नाहीत?

कल मार्गारेटकडे. पुरावा नाही.

१५ जून

उत्तर पाठवले. मजकूर इथे ठेवते:

"आपण नातेवाईक आहोत. पॅट्रिक आणि मायकेल भाऊ नव्हते. त्यांचे वडील दोन वेगळे डेनिस रायन होते. दोन्ही घरांचे एक पणजोबा-पणजी समान होते, याला १८६७ ची चर्चची नोंद आहे. ते पणजोबा रायनच होते असे मी म्हणू शकत नाही. आडनाव सारखे असणे हा कदाचित निव्वळ योगायोग असेल. डीएनएचा आकडा या नात्याला जरा जास्तच मोठा आहे, म्हणजे आणखी एखादी वाट असावी. ती मला दिसलेली नाही."

त्यांचे उत्तर छान होते, थोडे उदासही. घरच्या स्नेहमेळाव्यासाठी 'रायन' लिहिलेले टी-शर्ट छापून झाले आहेत. मी लिहिले, ते तसेच घाला, रायन तर तुम्ही आहातच. हवे तर पाठीवर कंसात बॉन छापा.

२२ जून

आत्याला फोन. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मार्गारेट म्हणजे पेग. आमच्याकडे पेगचे शेत होते."

"कुठले?"

"खालचे. ओढ्याला लागून. वडील म्हणायचे, ते पेगबरोबर आले."

ग्रिफिथचा नकाशा उघडला. ओढ्याच्या अलीकडे आमच्या जमिनीला चिकटून सहा एकरांचा एक तुकडा आहे. दशमांशाच्या वहीतल्या १२ आयरिश एकरांत तो नव्हता. १९ एकर १ रूडमध्येही नाही, त्याला वेगळा क्रमांक आहे आणि डेनिस (जॉन) चे नाव दुसऱ्यांदा आहे. दशमांशाच्या वेळी तो कोणाकडे होता, हे पाहायला हवे. थर्ल्सला परत जावे लागेल. शनिवार बघते. वंशावळीत मार्गारेटपासून ओढ्यापलीकडे तुटक रेघ काढली आहे, पेन्सिलीने.